कॅटचा स्कोअर नक्की कुठे आणि किती मोजला जातो?

पर्णिका

कॅटचा, म्हणजे आयआयएमच्या एमबीए प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की दर वर्षी तोच गोंधळ. ९९.२ पर्सेंटाइलवाल्याला अहमदाबाद, बंगळूर, कलकत्ता या तिन्ही आयआयएमकडून नकार येतो आणि ९८.६ वाल्याला मुलाखतीचा कॉल येतो. मग घरात चर्चा सुरू होते की निवड मनमानी आहे. ती मनमानी नाही. नियम आधीच जाहीर झालेले असतात, पण ते कोणी वाचत नाही.

माझ्या मते स्कोअर तीन जागी वापरला जातो आणि तिन्ही जागी त्याचं काम वेगळं असतं. आधी किमान कटऑफ, मग मुलाखतीच्या यादीसाठी दहावी-बारावी-पदवीबरोबर काढलेली बेरीज, आणि शेवटी मुलाखतीनंतरच्या अंतिम गुणांमधला वाटा. कुठल्या कॉलेजात कुठल्या जागी किती वजन आहे, हे फॉर्म भरायच्या आधी कळलं पाहिजे.

चर्चेसाठी एक उमेदवार धरू. वाणिज्य पदवीधर मुलगा, खुला प्रवर्ग, दहावी ७८, बारावी ८१, पदवी ६८ टक्के, अनुभव शून्य. मॉकमध्ये (सराव परीक्षेत) ९६ ते ९८ च्या पट्ट्यात. महाराष्ट्राचा अधिवास आहे. याने कोणकोणते फॉर्म भरावेत? जाणकारांनी आकड्यांसकट लिहावं.

आकडेमोड

आधी पर्सेंटाइल म्हणजे काय ते पक्कं करू, कारण निम्मे गैरसमज तिथेच आहेत. कॅट २०२४ ला साधारण २.९३ लाख जण प्रत्यक्ष बसले. त्यात ९९ पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या पुढे सुमारे २,९०० जण. ९९.५ ला साधारण १,४५०. म्हणून ९९ आणि ९९.५ मधलं अंतर कागदावर अर्ध्याच पर्सेंटाइलचं दिसतं, पण पुढची रांग निम्म्यावर येते. आणि ९७ म्हणजे पुढे जवळजवळ ८,८०० जण.

गुणांचं चित्र उलट आहे. त्या पेपरात ६८ प्रश्न, कमाल २०४ गुण. ९९ पर्सेंटाइलला निम्मेही गुण लागले नाहीत. या पट्ट्यात दोन-तीन बरोबर उत्तरांनी हजारो माणसं मागे-पुढे होतात. त्यामुळे 'मॉकमध्ये ९७ येतात' याला फारसा अर्थ नाही. ९५ ते ९९ एवढा पट्टा धरूनच योजना करावी.

दुसरं म्हणजे तीन सत्रांचे गुण समान पातळीवर आणून मग पर्सेंटाइल काढतात. उत्तरतालिका लावून काढलेले कच्चे गुण आणि निकालपत्रावरचे गुण जुळत नाहीत ते यामुळे. चूक झाली म्हणून मेल पाठवण्यात वेळ घालवू नये.

वाटसरू_७

विभागवार कटऑफ राहिला. एकूण ९९ आणि व्हीएआरसीत (इंग्रजी भाषा-आकलनाच्या विभागात) ६५, असा मुलगा बहुतेक आयआयएमच्या पहिल्याच चाळणीत बाहेर पडतो. चाळीस-चाळीस मिनिटांचे तीन विभाग, वेळ संपली की विभाग बंद. क्वांट (गणित) लवकर आटोपून उरलेली मिनिटं इंग्रजीला देता येत नाहीत.

मुळाकाठी

पर्णिका, विषय छान काढलात. दुसऱ्या जागेबद्दल, म्हणजे मुलाखतीच्या यादीबद्दल लिहितो. घोटाळा तिथेच होतो.

अहमदाबादचं गेल्या काही वर्षांतलं धोरण पाहा. यादीसाठी एकत्रित गुणांत कॅटला ०.६५ आणि अर्ज-मूल्यांकनाला ०.३५ वजन. मूल्यांकनात दहावी, बारावी, पदवी, अनुभव आणि स्त्री-पुरुष विविधतेचे थोडे गुण. दहावीसाठी पायऱ्या ठरलेल्या आहेत: ५५ पर्यंत १ गुण, ५५ ते ६० ला २, ६० ते ७० ला ३, ७० ते ८० ला ५, ८० ते ९० ला ८ आणि ९० च्या वर १०. या पायऱ्या आहेत, उतार नाही. ८०.२ वाल्याला ८ आणि ७९.८ वाल्याला ५. बारावीच्या पायऱ्या विज्ञान, वाणिज्य, कला यांना वेगवेगळ्या आहेत, वाणिज्य आणि कलेला थोड्या सैल.

आता वरच्या मुलाचा हिशेब. दहावी ७८, म्हणजे ५ गुण. ९२ वाल्याला १०. मूल्यांकन सोयीसाठी ३५ पैकी धरा. ५ गुणांचा फरक म्हणजे एक सप्तमांश. ०.३५ ने गुणला की ०.०५. हीच तूट कॅटच्या बाजूने भरायची तर ०.०५ भागिले ०.६५, साधारण ७.७ टक्के. कॅटचे गुणही कमाल गुणांच्या तुलनेत मोजले असं धरलं तर २०४ चे ७.७ टक्के म्हणजे जवळपास १६ गुण. पाच प्रश्न जास्त बरोबर यायला हवेत, तेही या पट्ट्यात. वयाच्या पंधराव्या वर्षीचा निकाल एकविसाव्या वर्षी पाच प्रश्नांना पडतो.

मुलाखतीनंतर मात्र चित्र बदलतं. तिथे मुलाखत ५०, लेखी विश्लेषण १०, कॅट २५, मूल्यांकन १५. कॉल येईपर्यंत कॅट राजा, कॉल आल्यावर एक चतुर्थांश.

ओंजळ

दहावीला राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर बेस्ट ऑफ फाइव्हची टक्केवारी असते. फॉर्मात तीच भरायची ना?

मुळाकाठी

@ओंजळ, नाही. कॅटच्या फॉर्मात गुणपत्रिकेवरच्या सगळ्या विषयांची बेरीज धरतात, मंडळ काहीही धरो. उदाहरणार्थ, पाच विषयांचे ४६२, म्हणजे ९२.४ टक्के. सहाव्या विषयात ७२. सहाशेपैकी ५३४, म्हणजे ८९. अहमदाबादच्या तक्त्यात १० वरून थेट ८. फॉर्ममध्ये ९२.४ लिहिलं आणि मुलाखतीच्या वेळी मूळ गुणपत्रिका पडताळली की विसंगती दिसते, आणि चुकीच्या माहितीवर उमेदवारी रद्द करण्याचा हक्क संस्थेकडे असतो.

पदवीच्या सीजीपीएचंही तसंच. विद्यापीठाचं रूपांतराचं सूत्र असेल तर तेच वापरायचं आणि त्याचं पत्र परीक्षा विभागातून आधीच घेऊन ठेवायचं. सूत्र नसेल तरच मिळालेला सीजीपीए भागिले कमाल सीजीपीए गुणिले शंभर.

स्वच्छंदी

हे वाचून राग येतो. तालुक्याच्या शाळेत दहावी केलेल्या मुलीला तेव्हा माहीत तरी असतं का की या गुणांवर पुढे एमबीएचा कॉल अडेल? एवढी मेहनत करून कॅट द्यायची आणि सहा वर्षांपूर्वीच्या भूमितीच्या पेपराने अडवायचं, हा न्याय नाही. प्रवेश परीक्षा घेता ना, मग तिच्यावरच प्रवेश द्या.

आकडेमोड

@स्वच्छंदी, तक्रार रास्त आहे, पण सगळ्या आयआयएम एकाच साच्यातल्या नाहीत. बंगळूरची पद्धत पाहा. तिथे दहावी-बारावीचे गुण थेट धरत नाहीत. कॅटच्या अर्जदारांमधून त्या-त्या मंडळाच्या मुलांचा ९० व्या पर्सेंटाइलचा गुण काढतात आणि तुमच्या गुणांना त्याने भागतात. समजा एका मंडळाचा हा आकडा ८५ आणि दुसऱ्याचा ९६. पहिल्यातले ८० टक्के म्हणजे ०.९४१ आणि दुसऱ्यातले ९० टक्के म्हणजे ०.९३७. ऐंशीवाला पुढे. हातचं राखून गुण देणाऱ्या मंडळाच्या मुलांना याने नक्की आधार मिळतो.

म्हणून 'आयआयएमला नव्वद लागतात' असं सरसकट बोलू नये. कोणाला लागतात, कशाने भागून लागतात, ते पाहावं.

सह्यकडा

निव्वळ परीक्षेवर प्रवेश हवा असेल तर तो आपल्याच राज्यात आहे. एमबीए-एमएमएस सीईटी (एमएमएस ही मुंबई विद्यापीठाची एमबीएसारखीच पदवी). राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्ष ती घेतो, कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेऱ्यांतून जागावाटप होतं. गटचर्चा नाही, मुलाखत नाही, दहावीचं वजन नाही. जमनालाल बजाज, सिडनहॅमची सिमश्री, पुणे विद्यापीठाचं पुम्बा, वेलिंगकरमधल्या एमएमएसच्या जागा, सगळं गुणवत्ता यादीवर. पदवीला ५० टक्के, महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गाला ४५, एवढीच अट. राज्याच्या मुलांना बहुतांश जागा, सरकारी आणि विद्यापीठाच्या संस्थांची फी आयआयएमच्या काही अंशात. स्वच्छंदी म्हणतात तो न्याय तिथे मिळतो.

निळाई

अर्धं पटलं. सीईटीत दहावी मोजत नाहीत हे खरं, पण अडीच तासांच्या परीक्षेवर सगळं ठरतं. २०० प्रश्न, १५० मिनिटं, एका प्रश्नाला ४५ सेकंद. त्यात १०० प्रश्न तर्कशक्तीचे (७५ लॉजिकल, २५ आकृत्यांचे), ५० गणिताचे, ५० इंग्रजीचे. ही वेगाची परीक्षा आहे. शांतपणे खोल विचार करणारा मुलगा कॅटला चमकतो आणि इथे १४० प्रश्नांवर अडकतो. त्याला सुधारायला मुलाखतही नाही.

शिवाय सत्रं अनेक असतात आणि पर्सेंटाइल सत्रानुसार निघतो. वरच्या टोकाला दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांवर जागा जातात. सव्वा लाख मुलं बसली असं धरलं तर ९९.९ म्हणजे पुढे १२५ जण. खुल्या प्रवर्गातून जमनालाल बजाज हवं तर त्याच्याही वरचं लक्ष्य ठेवावं लागतं. तिथे एक डुलकी परवडत नाही.

सह्यकडा

@निळाई, मान्य. पण वेग सरावाने वाढतो, दहावीचे गुण वाढत नाहीत. माझा मुद्दा एवढाच आहे.

गणितवेडा

अंदाजपंचे उत्तरं द्यावीत की नाही यावर कोणी लिहिलं नाही. प्रत्येक परीक्षेत याचं उत्तर वेगळं आहे.

कॅट: बरोबर +३, चूक –१, चार पर्याय. डोळे झाकून ठोकलं तर सरासरी (३ × १/४) – (१ × ३/४) = ०. फायदा नाही, तोटा नाही. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर सरासरी +१/३, दोन बाद केले तर +१. म्हणजे पर्याय बाद झाल्याशिवाय हात लावू नये. टंकून उत्तर द्यायच्या प्रश्नांना उणे गुण नाहीत, ते एकही रिकामे सोडू नयेत.

झॅट (जमशेदपूरच्या एक्सएलआरआयची प्रवेश परीक्षा): पाच पर्याय, चुकीला ०.२५. डोळे झाकून ठोकलं तर पुन्हा शून्यच. पण तिथे ८ पेक्षा जास्त प्रश्न सोडले की पुढच्या प्रत्येक रिकाम्या प्रश्नाला ०.१० कापतात. म्हणून आठ सोडून झाल्यावर रिकामं ठेवणं महाग, अंदाज स्वस्त. सामान्यज्ञानाला उणे गुणही नाहीत आणि पर्सेंटाइलमध्ये ते धरतही नाहीत, मुलाखतीच्या टप्प्यावर त्याचा उपयोग.

सीईटी: पाच पर्याय, उणे गुण नाहीतच. २०० पैकी २०० भरायचेच. शेवटची दोन मिनिटं त्यासाठी राखून ठेवा. ४० प्रश्न उरले आणि सगळे ठोकले तर सरासरी ८ गुण पदरात. वरच्या टोकाला ८ गुणांत पर्सेंटाइल कुठच्या कुठे जातो.

फुलपाखरू

गणिताचा तास संपला असेल तर मधली सुट्टी द्या. :) छान लिहिलंय, आठ प्रश्नांचा हिशेब वहीत उतरवून घेतला.

न्यायप्रिय

थोडं विषयांतर, पण स्कोअर असून प्रवेश हुकतो तो कागदांमुळे, म्हणून लिहितो. कॅटला प्रवर्ग केंद्राच्या यादीप्रमाणे, सीईटीला राज्याच्या. या दोन याद्या वेगळ्या आहेत.

राज्यात विमुक्त-भटक्यांना स्वतंत्र आरक्षण आहे, केंद्रात तसा प्रवर्गच नाही. वंजारी, धनगर हे समाज केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत, त्यांनी कॅटच्या फॉर्मात एनसी-ओबीसी (नॉन-क्रीमी ओबीसी) भरायचं आणि प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात काढायचं. राज्याच्या नमुन्यातलं तिथे चालत नाही. राज्यातलं एसईबीसी (मराठा) आरक्षण केंद्रात नाही. त्या उमेदवाराने कॅटला खुला प्रवर्ग भरायचा, किंवा केंद्राच्या निकषात बसत असेल तर ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक). कुणबी नोंद आणि प्रमाणपत्र असेल तर ओबीसी, कारण कुणबी केंद्राच्या यादीत आहेत.

कॅटची नोंदणी झाल्यावर प्रवर्ग बदलता येत नाही. सेतू केंद्रात ऑगस्टमध्ये गर्दी असते, म्हणून नवीन आर्थिक वर्ष सुरू झालं की उत्पन्नाच्या दाखल्यापासून सुरुवात करा. सीईटीसाठी जात वैधता आणि नॉन-क्रीमी लेयर कॅपच्या वेळी लागतातच.

पर्णिका

@न्यायप्रिय, हे विषयांतर नाहीच. कटऑफ प्रवर्गानुसार वेगळा असतो, म्हणजे स्कोअरचा अर्थच प्रवर्गावर ठरतो. धन्यवाद.

दूरदेशी

परदेशी एमबीएसाठी चालणाऱ्या जीमॅटबद्दल थोडं, कारण इथे अजून काही जण ७०० चा जुना आकडा धरून बसलेले दिसतात. नोव्हेंबर २०२३ पासून नवी आवृत्ती आहे. क्वांट २१, व्हर्बल २३, डेटा इनसाइट्स २० प्रश्न, प्रत्येकी ४५ मिनिटं. स्कोअर २०५ ते ८०५, शेवटचा अंक नेहमी ५. पर्सेंटाइलच्या हिशेबात जुना ७०० म्हणजे नवा ६४५ च्या आसपास. ६५५ आला म्हणून निराश होऊन पुन्हा पैसे भरणारे आहेत, त्यांनी आधी तुलनेचा तक्ता बघावा.

कॅटपेक्षा मोठे फरक दोन. स्कोअर पाच वर्षं चालतो, कॅटचा एकच प्रवेशवर्ष. आणि स्कोअर बघून मग तो कोणत्या विद्यापीठाला पाठवायचा ते ठरवता येतं. सोळा दिवसांच्या अंतराने पुन्हा देता येते, बारा महिन्यांत पाच वेळा. प्रत्येक विभागात मागे जाऊन तीन उत्तरं बदलता येतात. पण शेवटचे प्रश्न रिकामे राहिले तर दंड जबर, कॅटची सोडून द्यायची सवय इथे नडते.

परदेशी विद्यापीठांत विभागवार कटऑफ नसतो. वर्गाची सरासरी किंवा मध्यक जाहीर असतो, त्याच्या आसपास असाल तर स्कोअरचं काम झालं. पुढे निबंध, शिफारसपत्रं आणि नोकरीतली प्रगती बघतात. तिथे अनुभव शून्य असलेल्याने घाई करू नये.

कोकणकडा_८४

कॅट-सीईटीच्या पलीकडचंही पाहा. गोव्यात साखळीला जीआयएम (गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट) आहे, तिथे झॅट, कॅट, सीमॅट, जीमॅट चालतात. झॅट जानेवारीच्या पहिल्या रविवारी असते, कॅट झाल्यावर पाच-सहा आठवडे मिळतात आणि तयारी बरीचशी तीच, फक्त निर्णयक्षमतेचा विभाग वेगळा वाचावा लागतो. एक्सएलआरआय कटऑफ जाहीर करतं तेव्हा मुलगे-मुली, अभियंते-इतर असे वेगळे आकडे देतं. वाणिज्यवाल्यांनी तो तक्ता नक्की बघावा.

पुण्याच्या सिंबायोसिससाठी स्नॅप, ६० मिनिटांत ६० प्रश्न, एकापेक्षा जास्त वेळा देता येते आणि चांगला स्कोअर धरतात. नरसी मोनजीसाठी एनमॅट, १०८ प्रश्न, १२० मिनिटं, उणे गुण नाहीत, विभागांचा क्रम आपण ठरवायचा. तीही पुन्हा देता येते, पण कोणता प्रयत्न धरणार हे संस्था ठरवते. त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचल्याशिवाय 'पहिला प्रयत्न नुसता अंदाजासाठी' असं करू नये.

ओंजळ

वेलिंगकरला पीजीडीएम (व्यवस्थापनाची पदविका) आणि एमएमएस दोन्ही आहे. फॉर्म एकच का?

सह्यकडा

@ओंजळ, वेगळे. एमएमएस सीईटी आणि कॅपमधून. पीजीडीएमला संस्थेकडे थेट अर्ज, कॅट, झॅट, सीमॅटसारखे स्कोअर चालतात आणि पुढे संस्थेची स्वतःची निवडप्रक्रिया. एकाच इमारतीतले दोन अभ्यासक्रम, पण कॅपचा फॉर्म भरला म्हणजे पीजीडीएमचा झाला असं होत नाही.

निळाई

मूळ प्रश्नाकडे येऊ. पर्णिकाताईंनी दिलेला मुलगा.

अहमदाबाद, बंगळूर, कलकत्ता: ९७ ला खुल्या प्रवर्गातून आशा नको. जाहीर किमान कटऑफ बराच खाली दिसतो, पण तो फक्त अर्ज विचारात घ्यायचा उंबरठा आहे. कॉल त्याच्या खूप वर थांबतात. मुळाकाठींचा पाच प्रश्नांचा हिशेब इथे लागू.

नवीन आयआयएम: इथे खरी संधी. त्यातल्या बऱ्याच जणी एकत्रित मुलाखत घेतात, मुलाखत एकच, मग प्रत्येक संस्था स्वतःची वजनं लावते. अभियंता नसल्याचा काही ठिकाणी फायदा मिळतो. कॅटच्या फॉर्मातच त्या-त्या आयआयएमचे अभ्यासक्रम निवडायचे असतात, ते राहून गेलं तर ९९ आले तरी कॉल नाही.

एसपीजैन, मुंबई: प्रोफाइल पाहून कॉल देतात आणि गटमुलाखतीच्या दोन फेऱ्या असतात. अनुभव नसला तरी काही ठोस काम दाखवता आलं तर प्रयत्न करावा.

सीईटी: हा याचा सगळ्यात भक्कम दरवाजा. दहावी ७८ इथे आड येत नाही.

पर्णिका

निळाई, हेच हवं होतं. एसपीजैन, एफएमएस (दिल्ली विद्यापीठ) यांचे फॉर्म कॅटच्या निकालानंतर भरता येतात का? आणि कॅपचा पसंतीक्रम कसा लावावा?

निळाई

निकालाची वाट पाहू नका. आयआयएम सोडून बाकी सगळ्यांचा स्वतंत्र अर्ज, स्वतंत्र शुल्क. एफएमएस, एसपीजैन यांचे अर्ज कॅटच्या आधी किंवा त्याच सुमारास बंद होतात, निकाल येतो डिसेंबरच्या उत्तरार्धात. म्हणून ऑक्टोबरमध्येच मॉकच्या पट्ट्यावर निर्णय घ्यायचा आणि तीन-चार अर्जांचे पैसे बाजूला काढायचे.

सह्यकडा

कॅपच्या पसंतीक्रमाचं मी सांगतो. क्रम मनातल्या आवडीने लावायचा, 'मिळेल का' या अंदाजाने नाही. यंत्रणा वरून खाली बघत जाते. जमनालाल बजाज पहिलं टाकलं आणि मिळालं नाही म्हणून दुसऱ्या पसंतीवरचा हक्क कमी होत नाही. उलट अंदाजाने पुम्बा पहिलं टाकलं आणि पहिल्याच फेरीत मिळालं तर ते स्वीकारणं भाग पडतं, वरचं कॉलेज निघत असलं तरी पुढच्या फेरीत जाता येत नाही. नको असलेलं कॉलेज यादीत टाकूच नये.

गेल्या वर्षीचे फेरीनिहाय कटऑफ सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये असतात. त्यात प्रवर्गाचा स्तंभ पाहा आणि पहिल्या नव्हे, शेवटच्या फेरीचा आकडा घ्या. पर्णिका, मुलाला सांगा की अधिवास प्रमाणपत्र आत्ताच काढून ठेव, कॅपच्या पडताळणीत सगळ्यात जास्त अर्ज तिथेच परत येतात.